भवानीचं गिऱ्हाईक

ओहोटी असल्यामुळे बोट किनाऱ्याला लागेना. साबण कंपनीचा नवा विक्रेता डोक्यावर खोकं घेऊन कमरभर पाण्यातून चालत निघाला आणि नेलियाच्या डोळ्यांदेखत पालथा पडला. खोकं फुटलं, शॅम्पूच्या पुड्या लाटांवर पसरल्या. नेलिया स्कर्ट खोचून पाण्यात उतरली. शेवटच्या पुडीवर दोघांचे हात एकदमच पडले... आणि कुणीच आपला हात लगेच काढला नाही.

"कंपनीला पोहणारा माणूस मिळाला नाही वाटतं," ती म्हणाली.

"मिळाला होता, इंदाय. तुला बघून पोहायचं विसरला."

रोडेल त्याचं नाव. दर मंगळवारी तो इलोइलो बंदरावरून तिच्या बेटावर यायचा. जाळीच्या खिडकीआडच्या नेलियाच्या दुकानात सगळं सुटं मिळे – एक कांदा, पेलाभर तेल, एका न्हाण्यापुरती शॅम्पूची पुडी. पोरींना इंदाय सगळेच म्हणतात. पण रोडेलने म्हटलं की नेलियाच्या हातून हमखास तेल सांडायचं.

एकदा तिने सहज विचारलं, हा साबण येतो तरी कुठून? तो मागच्या माडांकडे बघून हसला. तुझ्या बाबांचं सुकं खोबरं व्यापारी नेतो, रोडेल सांगू लागला, ते इलोइलोहून जहाजाने सेबूच्या तेलगिरणीत जातं. तेल कारखान्यात, साबण गोदामात, गोदामातून ट्रकने बंदरावर आणि बंदरावरून माझ्या डोक्यावर.

"आणि तिथून पाण्यात," ती पुटपुटली. पण हातातल्या वडीकडे ती बघतच राहिली. तिच्याच अंगणातला नारळ, कधी न पाहिलेल्या शेकडो माणसांच्या हातांतून, समुद्र ओलांडून घरी परत आला होता, आणि ती मात्र आजवर तो नुसता विकत होती. एवढ्या अफाट जगाने तिच्या एवढ्याशा खिडकीची आठवण ठेवली होती.

पुढे एका मंगळवारी रोडेल तोंड पाडून आला. बेटावर दुकानं जेमतेम सात. महिन्याला वीस खोकी खपली नाहीत तर कंपनी इथली फेरीच बंद करणार होती. फेरी गेली की रोडेलही जाणार, हे नेलियाला कुणी समजावून सांगायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी तिने बाबांची होडी काढली. शेजारच्या तीन बेटांवर दुकानदुकान फिरली, माल मी दारात आणून देते, तुम्हाला बंदरावर जायला नको, असं सांगत. महिनाअखेर बत्तीस खोकी खपली.

कंपनी खूश झाली. इतकी खूश, की पुढच्या महिन्यापासून माल मोठ्या बोटीने थेट नेलियाकडेच यायला लागला. मधल्या विक्रेत्याची गरजच उरली नाही. ज्याच्यासाठी पोरीने जिवाचं रान केलं, त्याचीच वाट तिने बंद केली होती. खोकी उतरवून घेताना तिला रडू फुटलं. बोटवाल्याला वाटलं, पाठीत उसण भरली असेल.

तीन मंगळवार असेच गेले. मग एका गुरुवारी सकाळी तिने खिडकी उघडली, तर समोर रोडेल. खांद्यावर पिशवी, पँट कमरेपर्यंत भिजलेली.

"एक साबण दे."

"विकणारा आज विकत घेतोय?"

"नोकरी सोडली. ऐकलं, चार बेटांचा माल एकटी ओढतेस... होडीवर माणूस हवा असेल ना?"

"होडी हाकता येते?"

"पाण्यात पडता येतं. बाकी शिकेन." त्याने जाळीतून नोट पुढे केली. "कामाचं निमित्त आहे, नेलिया. मी तुझ्यासाठी आलोय – कायमचा."

तिने नोट घेतली. दिवसाची भवानी होती ती, आणि बेटावर भवानीचा पैसा आधी दुकानातल्या सगळ्या मालाला लावतात, बरकत राहावी म्हणून. तिने नोट साबणांना लावली, मिठाला लावली, तेलाच्या बरणीला, पुड्यांच्या माळांना. मग जाळीतून हात बाहेर काढून तीच नोट तिने हळूच त्याच्या कपाळाला लावली.