एकच उत्तर

रविवारचा भात तिसऱ्यांदा गरम करायची पाळी आली, तेव्हा मालनने पातेलं चुलीवर ठेवलं ते जरा आपटूनच. बाहेरच्या खोलीत सासरे आणि नवरा यांचं अजून हजार वर्षांवरच चाललं होतं.

"मामंजी, पानं मांडलीत. आधी जेवा, मग भांडा."

"भांडतंय कोण?" धोंडिबा उपदेशकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मी याला एवढंच विचारतोय, की प्रभू आधी येणार आणि मग हजार वर्षं सुरू होणार, हे याच्या कानात सांगितलं कुणी?"

"विसाव्या अध्यायात आहे, बाबा. तुम्हीच तर शिकवलंत."

"मी वाचायला शिकवलं. अर्थ तू आपल्या डोक्यानं लावलास. तिथंच घात झाला."

सन अठराशे सत्याण्णवचा फेब्रुवारी होता. परळहून शिवडीच्या कबरस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं प्रार्थनाघर होतं, त्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राही. खालच्या दालनात आठवडाभर मिशनची शाळा भरे आणि रविवारी तिथेच उपासना होई. मालनचा नवरा शमुवेल शाळेचा मास्तर. धोंडिबा निवृत्त उपदेशक, पण ती निवृत्ती कागदावरचीच. मागच्या खिडकीतून चिंचेची दोन झाडं दिसत, आणि त्यांच्यापलीकडे कबरस्थानाची भिंत.

वाद असा होता. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, त्याच विसाव्या अध्यायात, हजार वर्षांच्या राज्याची गोष्ट आहे. काही मेलेले त्याआधी उठतील, उरलेल्यांनी हजार वर्षं पुरी होईपर्यंत पडून राहायचं. शमुवेल म्हणे, प्रभू अजून यायचाय. तो आला की पहिलं वर्ष मोजायचं. धोंडिबा म्हणत, हजार हा बोटांवर मोजायचा आकडा नाही. राज्य कधीच सुरू झालंय, सरतही आलंय, आणि प्रभू येणार तो शेवटाला. मालनचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. तिचं म्हणणं होतं की भात गार होतोय.

आणि तिचं खरं म्हणणं होतं की लहानग्या ठकीला घेऊन इथून निघायचंय. शहरात गाठीचा ताप घरोघर फिरत होता. काळाचौकीच्या अंगाला उंदीर मरून पडले होते, शेजारच्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून कोकणात गेली होती. मालनची आई नाशिकजवळच्या ख्रिस्ती वस्तीत राहायची; तिची पत्रांवर पत्रं येत होती, पोरीला घेऊन ये. ठकी चौदा महिन्यांची होती. तिला दात येत होते आणि दर दुपारी अंग जरा कोमट लागायचं. तेवढ्यानेही मालन तिच्या काखा चाचपून पाही, दिवसातून दहा वेळा.

"अहो, कधी निघायचं?"

"हा विसाव्या अध्यायाचा वाद एकदा मिटू दे," शमुवेल म्हणे. "आत्ता गेलो तर मंडळी म्हणतील, मास्तर हरला म्हणून पळाला. बाबा तर वेशीवरून दवंडी पिटतील."

"मग मी एकटी जाते."

"तान्ही पोर घेऊन? डोकं ठिकाणावर आहे ना?"

ते तिचं एकटीचंच ठिकाणावर होतं, हे सांगून काही उपयोग नव्हता.

प्रार्थनाघराच्या दाराशी एक सागवानी प्रश्नपेटी होती. धोंडिबांनीच वीस वर्षांपूर्वी ती बसवली होती. चारचौघांत विचारायला लाज वाटणाऱ्याने प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा, नाव घालायचं नाही. रविवारी दुपारी चिठ्ठ्या वाचायच्या, उत्तर मागच्या बाजूला लिहायचं आणि चिठ्ठी मागच्या खिडकीतल्या तारेला टोचून ठेवायची. ज्याची त्याने गुपचूप येऊन न्यायची. विचारणारा कोण हे कधी शोधायचं नाही, हा नियम, आणि नियमाचा धोंडिबांना भारी अभिमान.

पूर्वी उत्तर एकच असायचं. वाद पेटल्यापासून दोघंही उत्तर सांगत, आणि एकमेकांच्या हाती लेखणी जाऊ नये म्हणून लिहायचं काम मालनकडे आलं होतं. तिचं अक्षर वळणदार होतं. मामंजींचं उत्तर वर, नवऱ्याचं खाली. मांडीवर ठकी, एका हातात टाक, आणि दोन्ही कानांवर हजार वर्षं.

त्या रविवारी उपासनेला अकरा माणसं होती. एरवी साठ असत. पेटी उघडली तर तेवीस चिठ्ठ्या निघाल्या.

"पाहिलंस?" धोंडिबांचा चेहरा खुलला. "संकटात माणूस शास्त्राकडे वळतो."

"अकरा माणसांत तेवीस?" मालन म्हणाली.

"एकेकाला दोन-दोन शंका असतील."

चिठ्ठ्या तिनेच उलगडल्या. पोरांच्या वह्यांचे तुकडे असावेत तसे ते नव्हते. काही कागद जाड आणि पिवळे होते, काही नुसत्या कापडासारखे मऊ पडलेले. सगळे गार लागत होते, पावसाळ्यात पेटाऱ्याच्या तळाशी राहिलेल्या धोतरासारखे. दोन मोडीत होते. आणि प्रश्न सगळे विसाव्या अध्यायावरचे.

हजारातली किती सरली?

अजून किती?

माझ्या शेजारचा म्हणतो, पुरी झाली. खरं आहे का?

पाय आखडलेत. कूस बदलली तर चालेल का?

"हे काय विचारणं झालं?" मालनने टाक खाली ठेवला. "कूस बदलली तर? हे विचारतंय कोण?"

"रूपक आहे," धोंडिबा म्हणाले. "आळसावलेला आत्मा. लिही, काळ सरत आला आहे, धीर धरावा."

"आणि खाली लिही," शमुवेल म्हणाला, "काळ अजून सुरूच झालेला नाही."

तिने लिहिलं. काय करणार?

सोमवारी सकाळी प्रार्थनाघर झाडायला येणारी शेवंता जिन्याखाली उभी राहून हाका मारू लागली. शेवंता गिरणीकामगाराची बायको, मूळची मालवणकडची.

"बाय गे, खाली येऊन बघ जरा. शनिवारी मी बाकं धुवून गेलंय. ही माती हाडली कोणी?"

पुढची बाकं स्वच्छ होती. मागच्या चार रांगांवर मात्र बारीक, काळसर माती होती. जमिनीवर तिचा कणही नव्हता. फक्त बसायच्या जागी, माणसामाणसाएवढं अंतर सोडून.

तारेवर एकही चिठ्ठी उरली नव्हती.

"मुलं बसली असतील," मालन म्हणाली.

"शाळा बंद होऊन पंधरा दिवस झाले, तुझी मुलं खयची?" शेवंताने झाडू भिंतीला टेकवला. "मी उद्या गावाक जातंय. तू पण जा, बाय. पोर घे नि जा. हे बापलेक बोलत बसले तर बसूंदेत."

पुढच्या रविवारी अकराचे सात झाले होते. पेटी भरून झाकण वर आलं होतं.

मालनने मोजल्या नाहीत. वाचायला घेतल्या, आणि तिला एक गोष्ट दिसली: आता बऱ्याच चिठ्ठ्यांत तोच मजकूर होता, वेगवेगळ्या हातांचा.

दोन उत्तरं आली. आम्हांला एकच द्या.

एकच द्या.

वरचं भांडण इथवर ऐकू येतं. तुमचं ठरत नाही, तोवर आमच्यातही दोन तट पडलेत. एकच द्या.

आणि तळाशी एक इवलासा कागद. अक्षरं मोठी, वाकडी, पाटीवर पहिली ओळ गिरवावी तशी.

आई आधी उठेल का मी?

मालनने तो कागद बराच वेळ हातात धरला. तो गार होता. नकळत तिने तो दोन्ही तळव्यांत घेतला, ठकीचे पाय चोळावेत तसा.

"अहो," ती म्हणाली, "मागे कबरस्थान आहे."

"मग?"

"या चिठ्ठ्या तिकडून येतायत."

मग धोंडिबांनी घसा खाकरला. "सूनबाई, प्रश्न कोण विचारतो ते आपण पाहत नाही. प्रश्न पाहतो. आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर एकच पाहिजे."

"तेच मी म्हणतो," शमुवेल म्हणाला. "आणि ते एकच म्हणजे, अजून नाही."

"अजून नाही? म्हणजे त्या बिचाऱ्यांनी आणखी हजार वर्षं पडून राहायचं? तुझ्या जिभेला हाड आहे का?"

"माझ्या जिभेचं काय, लिहिलंय तसं सांगतो!"

"लिहिलंय ते कळायला अक्कल लागते!"

मालन पाहतच राहिली. दोघांपैकी एकालाही भीती वाटली नव्हती. त्यांना आता ऐकणारी मंडळी मिळाली होती.

तेवढ्यात रस्त्यावरून रोग्याला नेणारी डोली गेली. समोरच्या घरातल्या दगडू सुताराच्या बायकोला गाठ आली होती. काल संध्याकाळी ती मालनकडून मीठ घेऊन गेली होती आणि जाताना तिने ठकीच्या गालाला हात लावला होता.

मालनने ठकीला उचललं, काखा चाचपल्या, मान चाचपली. पोरीचं अंग कोमट होतं. दाताचं असेल. दाताचंच असेल.

"कधी निघायचं?" तिने विचारलं.

"हे मिटू दे ग!" शमुवेल ओरडला. "एक उत्तर ठरलं की त्या क्षणी निघू. शब्द देतो."

"ठरलं की?"

"ठरलं की."

बापलेक पुन्हा एकमेकांकडे वळले. मालन पोरीला कडेवर घेऊन खाली आली. चिठ्ठ्यांची थप्पी, दौत आणि टाक तिच्याजवळच होते. दुपारचे दोन वाजले असतील. दालनात ऊन आलं होतं, चिमण्या तुळईवर भांडत होत्या, सगळं कसं रोजच्यासारखं होतं. मागच्या बाकांकडे मात्र तिने पाहिलं नाही.

ती मेजाशी बसली. वरून आवाज येत होते. किती दिवस ऐकतेय मी हे, तिच्या मनात आलं, आणि ते किती दिवस ऐकतायत! रात्रंदिवस उताणं पडून, पाय आखडलेले, आणि वर या दोघांची जुंपलेली. तिला एकदम सगळ्याचाच संताप आला. पुरुषांचा, विसाव्या अध्यायाचा, आणि विचारत बसणाऱ्यांचाही. उठायचं तर उठा ना! विचारताय कुणाला?

पहिली चिठ्ठी उलटी करून तिने लिहिलं, घरात कुणी लोळत पडलं तर बोलावं तसं:

झाली हजार वर्षं. उठा आता.

दुसरीवरही तेच. तिसरीवर तेच. ठकी टाकाला हात घालत होती, तिचा हात बाजूला करत करत तिने सगळी थप्पी लिहून काढली.

इवलासा कागद शेवटी आला. तिथे टाक जरा थांबला. मग तिने लिहिलं:

दोघं बरोबरच उठाल, राजा. आईचं बोट सोडू नकोस.

सगळ्या चिठ्ठ्या तारेला टोचून ती वर गेली.

"ठरलं," ती म्हणाली. "मी एकच उत्तर दिलं. आता बांधाबांध करा."

"काय दिलंस?" दोघांनी एकदमच विचारलं.

तिने सांगितलं.

धोंडिबांच्या डोळ्यांत आधी आनंद चमकला. आपली बाजू जिंकली. मग तो हळूहळू मावळला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना विचारणारे दिसले असावेत.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "सरत आलीत, असं म्हणालो होतो मी. सरली, असं नव्हतो म्हणालो."

शमुवेल ट्रंक काढायला उठला.

सकाळी तार रिकामी होती. पेटी रिकामी होती. मागच्या बाकांवर मातीचा कण नव्हता. चिंचांखाली कावळे ओरडत नव्हते, आणि भिंतीपलीकडून नांगरलेल्या शेताचा असतो तसा ओला, ताजा वास येत होता. पाऊस पडून चार महिने झाले होते.

धोंडिबा यायला तयार झाले नाहीत. खुर्ची दाराबाहेर काढून ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मालन पाया पडली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"मागं बघू नको," एवढंच म्हणाले.

गाडी भायखळ्याहून सुटली. डब्यात पळणाऱ्या माणसांची दाटी होती. तरी मालनच्या समोरचं बाक शेवटपर्यंत रिकामं राहिलं. लोक यायचे, बसायला वाकायचे, आणि माफी मागितल्यासारखं पुटपुटून पुढे जायचे. मालनने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. ठाणं गेलं. खाडी गेली. ठकीचं अंग आता गार होतं, नेहमीसारखं गार. ताप नव्हता. सुटलो, तिने मनात म्हटलं.

कल्याणला सगळ्यांना उतरवलं. तापाची तपासणी होती. पुरुषांची रांग एकीकडे, शमुवेल तिकडे गेला; बायकामुलांची दुसरीकडे, कनातीच्या आडोशाला. तपासणारी एक तरुण परिचारिका होती, पारशी असावी. कपाळाला घाम, छातीशी टांगलेलं घड्याळ, बोलणं थोडकं.

रांगेत मालन शेवटची होती. तिच्यामागे फलाट रिकामा होता.

परिचारिकेने तिची नाडी पाहिली, काखा पाहिल्या. ठकीची जीभ पाहिली, दात पाहिले आणि हसली.

"छान आहे बेबी. जा."

मालनचे डोळे भरून आले. तिने पदर सावरला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि दोन पावलं पुढे टाकली.

मागे परिचारिका म्हणाली, "या, पुढे या."

मालन वळली.

परिचारिकेने रिकाम्या जागी हात पुढे केला होता. बोटं हवेत मिटली, मनगटावर मिटतात तशी. दुसऱ्या हातात घड्याळ. ती मोजत उभी राहिली. कपाळाला आठी पडली. बोटं जरा सरकवून तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली.

बराच वेळ गेला.

मग तिने तो हात सोडला आणि गुडघ्यावर बसली. लहान मुलासमोर बसतात तशी.

"आईचं बोट सोड, बेटा," ती म्हणाली. "नाडी बघू दे."

तिथेही ती थांबली. घड्याळाकडे पाहत राहिली.

मग उठली, आणि पुढच्याकडे वळली. मग त्याच्या पुढच्याकडे.