सतरा नंबरचा नकार

थोरल्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपण अवघड गेलं, म्हणून धाकटीने कचेरीतून पंधरा दिवसांची रजा काढली. दवाखाना, घर, दुपटी, दूध, पुन्हा दवाखाना. सोळाव्या दिवशी ती कामावर गेली, तर तिच्या खुर्चीत एक माणूस बसलेला.

पाठमोरा होता. मान खाली घालून टाइप करत होता आणि शर्टाची बाही त्याला दोन बोटं आखूड पडत होती.

“ही खुर्ची माझी आहे,” धाकटी म्हणाली.

“असेल. तिच्यावर नाव काही दिसलं नाही.”

“आजवर तशी वेळ आली नव्हती.”

तो उठला. म्हणजे उठू लागला, आणि त्याचं उठणं काही संपेना. शेवटी धाकटीला मान पार वर करावी लागली. ती खुर्चीत बसली, तर पाय अधांतरी. त्याने खुर्ची आपल्या मापाने वर चढवून ठेवली होती. तिचे लोंबकळणारे पाय त्याने पाहिले, पण हसला नाही. उकिडवा बसला, खुर्चीखालचा दांडा धरला आणि म्हणाला, “टेकले की सांगा.”

खुर्ची हळूहळू खाली आली.

“टेकले,” ती म्हणाली. खरं तर पाय जरा आधीच टेकले होते… पण ती बोलली नव्हती.

तो मुख्य कचेरीतून बदली होऊन आला होता. आठवडाभरात सगळे त्याला लांब्या म्हणू लागले. धाकटीलाही तिथे नाव होतंच — फौजदार. कोणाच्या कामातली चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि सापडली की ती सोडत नसे.

गावोगावच्या बसचं वेळापत्रक लावणारा प्रोग्राम ही कचेरी बनवायची. एक लांबट खोली, नऊ माणसं, खिडकीतून दिसणारा झाडाचा शेंडा. प्रोग्राम रोज बदलायचा, आणि त्याची प्रत्येक जुनी प्रत एका सामाईक भांडारात जपून ठेवलेली असायची. त्यातली आजची प्रत कोणती हे कळावं म्हणून प्रत्येक कामाला एक खूण असे. पुस्तकात वाचलेलं पान सापडावं म्हणून दोरा ठेवतात, तशी. काम पुढे गेलं की खूण पुढे सरकवायची. सगळा कारभार त्या खुणेवर.

लांब्या आणि धाकटी यांच्याकडे मिळून एक काम आलं. बसला उशीर होणार असेल तर थांब्यावरच्या माणसांना तसं कळवायचं. दोघं चार महिने त्याच्यावर बसले. चहाच्या वेळी तो दोन पेले आणायचा, तिचा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा आणि मग बाहेर बघत उभा राहायचा, जणू पेला आपोआप तिथे आला.

“तुझी बस आज किती उशिरा येणार?” तो विचारायचा. चार महिन्यांत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

“वेळेवर.”

“मग कळवायला काहीच नाही.”

“नाही.”

“बरं… मी आपलं थांब्यापर्यंत येतो. खात्री करायला.”

असं चाललं होतं. आणखी महिनाभर चाललं असतं तर कोणीतरी काहीतरी बोललं असतं. पण दोन गोष्टी एकदमच झाल्या.

पहिली अशी की, कोणीतरी चुकून एक खूण चार दिवस मागे सरकवली, आणि एका शहरातल्या बस मंगळवारी रविवारच्या वेळेने धावल्या. कोणी केलं ते कळेना, कारण खूण हलल्याची नोंद कुठेच होत नव्हती. कचेरीचे प्रमुख पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते धाकटीपाशी आले.

“फौजदार, खुणांवर पहारा बसवा. खूण हलायच्या आधी एक हूक, हलल्यावर दुसरा, आणि हलता हलता राहिली तर तिसरा. हुकात आपला छोटासा प्रोग्राम अडकवता आला पाहिजे. पहिला ‘नाही’ म्हणाला की खूण जागची हलायची नाही.”

“तिसरा कशाला, मास्तर? जे झालंच नाही, त्याची नोंद ठेवून काय करायचं?”

“आधी दोन करा. पण तिसरा झाल्याशिवाय मोठ्या रजेचा अर्ज माझ्यापुढे आणू नका.”

दुसरी गोष्ट म्हणजे पाहुणी आली.

ती मुख्य कचेरीतून सहा आठवड्यांसाठी आली होती, सगळ्यांची कामं तपासायला. बाकीचे तिला मॅडम म्हणत. धाकटी तोंडावर मॅडम म्हणायची आणि घरी पाहुणी. लांब्या आणि पाहुणीने पूर्वी तीन वर्षं एकत्र काम केलेलं. ती त्याला ‘ए जिराफ’ म्हणून हाक मारायची. बोलताना त्याच्या बाहीची धूळ झटकायची, धूळ नसली तरी. मधूनच ती दोघं कुठल्यातरी जुन्या जिन्याची आठवण काढून हसायची. त्या जिन्यावर काय झालं होतं, ते कोणी सांगितलं नाही आणि धाकटीने विचारलं नाही.

घरी थोरली एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरी घेऊन बसलेली असायची.

“आज काय घातलं होतं पाहुणीने?”

“मी कशाला बघू?”

“बरं, राहिलं.”

धाकटीने एका दुपट्याची घडी घातली.

“निळा कुर्ता,” धाकटी म्हणाली. “बाह्या कोपरापर्यंत. कानात मोती. सारखे हलतात.”

“अगं बाई. मोतीपण मोजलेस का?”

“ताई, तुझी डावीकडची रडतेय, तिच्याकडे बघ.”

“ती झोपलीय. रडतेय ती उजवीकडची नाही आणि डावीकडचीही नाही,” थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने पहिले दोन हूक पुरे केले. त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. पहिल्या हुकात तिने आपल्या आणि लांब्याच्या खुणेपुरता एक नियम घातला. ही खूण फक्त आम्हा दोघांना हलवता यावी, दुसऱ्या कोणालाही नाही. भांडारात सगळे एकाच सामाईक नावाने शिरत, म्हणून माणूस ओळखायचा तर त्याच्या मशीनच्या नंबरावरून. तिचा नऊ, लांब्याचा चार. पाहुणीला दिलेलं मशीन सतरा नंबरचं. नकार मिळाला की पडद्यावर काहीतरी लिहून यायला हवं. धाकटीने तिरमिरीत लिहिलं:

‘इथे तुमचं काम नाही. जिथून आलात तिथे परत जा.’

वाचून तिला फार बरं वाटलं. पुसावं असंही एकदा वाटलं… पण तेवढ्यात पलीकडून ‘ए जिराफ’ ऐकू आलं, आणि ते तसंच राहिलं.

त्यानंतरच्या बुधवारी थोरलीच्या मुलींना लस टोचायला घेऊन जायचं होतं. दोघींना एकटी थोरली कशी नेणार? धाकटी दिवसभर कचेरीत नव्हती.

गुरुवारपासून लांब्या बदलला. चहाचा पेला कठड्यावर येईना. नजर भिडली की तो आधी काढून घ्यायचा. थांब्यापर्यंत येणंही बंद झालं.

“बरं नाही का?” तिने एकदा विचारलं.

“बरा आहे.”

“काही बोलायचंय?”

“मला वाटलं, तुला बोलायचं ते तू बोललीस,” तो म्हणाला आणि उठून गेला.

धाकटीला काही उमगेना. तिचा आधार एकच होता. दुसऱ्या हुकाची यादी. खूण हलली की त्यात ओळ उमटायची, आणि रोज तिथे चार नंबर दिसायचा. लांब्याचा चार. एका आठवड्यात अकरा वेळा. तिने बदल उघडून पाहिले. बारीक, नीटस दुरुस्त्या होत्या, तिच्याही नजरेतून निसटलेल्या. बोलत नसला तरी आपल्या कामावर किती जीव लावतोय, असं तिच्या मनात आलं. ती यादी ती दिवसातून पाच वेळा उघडायची.

मग मास्तरांनी सहज बोलता बोलता सांगितलं, “मॅडम लांब्याला परत मुख्य कचेरीत न्यायचं म्हणतायत. मोठी जागा आहे. शुक्रवारी दुपारी तो काय ते सांगणार.”

“आणि… तो काय म्हणाला?”

“म्हणाला, इथे आता माझं काही काम उरलेलं दिसत नाही. तिसऱ्या हुकाचं कुठवर आलं?”

धाकटीने गुरुवारी दिवसभर मान वर केली नाही. दुसरं काय करणार? संध्याकाळी तिसरा हूक जागेवर बसला.

शुक्रवारी सकाळी येऊन तिने फसलेल्या प्रयत्नांची नवी यादी उघडली. चार ओळी होत्या. चारही सतरा नंबरच्या, चारही तिच्या खुणेवरच्या. नऊ वाजून सहा मिनिटं, नऊ-आठ, नऊ-वीस, नऊ-तेवीस. पाहुणी चार वेळा दारावर आपटली होती. त्या सबंध पंधरवड्यात धाकटीला इतका आनंद झाला नव्हता. आता उठावं, पाहुणीच्या टेबलाशी जावं आणि अगदी गोड आवाजात विचारावं, काही अडलंय का मॅडम…

ती उठली. पाहुणी खिडकीशी उभी होती, फोनवर तिकिटांचं बोलत होती. मोती हलत होते. दोन्ही हात गुंतलेले होते, एकात फोन, दुसऱ्यात चष्मा.

धाकटीने मागे वळून आपल्या पडद्याकडे पाहिलं. पाचवी ओळ उमटली होती. सतरा नंबर. आत्ताची वेळ.

मग सतरा नंबरपुढे बसलंय कोण?

तिने खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांची मशीनं टेबलाखाली, काळ्या रंगाची, सारखी. नंबराची चिठ्ठी मागच्या बाजूला. ती एकेका टेबलापाशी वाकत गेली. लांब्याच्या टेबलाशी आली तेव्हा त्याने कागदांचा गठ्ठा बांधायला घेतला होता. ती काही न बोलता गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली.

“काय हरवलं?” वरून आवाज आला.

“हे मशीन तुझं नाही.”

“माहीत आहे. मॅडमच्या मशीनचा पंखा घरघर करायचा. त्यांचं डोकं दुखायला लागलं, म्हणून मागच्या बुधवारी माझं त्यांना दिलं आणि त्यांचं मी घेतलं.”

धाकटी टेबलाखालीच थांबली. बाहेर यायचं म्हणजे त्याच्याकडे बघायला लागणार होतं. सतराचा नकार कोणासाठी लिहिला, कोणाला पोचला, आणि चारच्या अकरा नीटस दुरुस्त्या कोणाच्या, हे तिला एका दमात कळलं. कान तापले.

“तू आज सकाळपासून आपली खूण हलवायला बघतोयस,” ती आतून म्हणाली.

“आजच काय, आठ दिवस बघतोय. उशिराच्या सूचनेचा शेवटचा भाग राहिला होता. जायच्या आधी पुरा करावा म्हटलं. पण तुझं वाक्य येतं. जिथून आलात तिथे परत जा. पहिल्या दिवशी वाटलं, गंमत असेल. मग पुन्हा आलं. मी मुख्य कचेरीतूनच आलोय ना. म्हटलं, एवढं स्पष्ट लिहिलंय तर माणसाने जावं.”

“ते तुला नव्हतं लिहिलं.”

“मग कोणाला?”

तोही टेबलाखाली वाकला. एवढा उंच माणूस, त्याला तीन घड्या घालाव्या लागल्या. दोघांची तोंडं एका पातळीवर आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या पायांमधून खिडकीकडे पाहिलं. तिथे पाहुणीच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

“म्हणजे तू —”

“हो.”

“जळतेस?”

“जळते. ती तुझी बाही झटकते तेव्हा मला तिथल्या तिथे कात्री मागावीशी वाटते.”

“बाही कापायला की हात?”

“ठरवलं नव्हतं.”

तो हसला नाही, त्या पहिल्या दिवसासारखाच. पण खालचा ओठ दाताखाली धरला होता.

“त्या जिन्याचं काय?” तिने विचारलं. आता विचारायचंच, तर सगळंच.

“जिन्यावरून मी पडलो होतो. जेवणाच्या डब्यासकट. साहेबांच्या अंगावर. एवढंच.”

“एवढंच?”

“भाजी रस्सेदार होती.”

धाकटीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. तिने तळहाताने पुसले.

“मास्तर दुपारी विचारणार,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी काय सांगू?”

“मी सांगितलं तर ऐकशील?”

“आठ दिवस तुझंच ऐकत होतो.”

“मग राहा,” ती म्हणाली. “मला तू इथे हवास. मोठी जागा सोडावी लागली तरी. मला तू हवास.”

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला. टेबलाखाली धूळ होती, तारांचा गुंता होता, पंखा घरघर करत होता.

“ए जिराफ,” वरून पाहुणीचा आवाज आला, “कुठे गेलास रे? आणि फौजदारबाईंना सांग, मी त्यांच्या कामात अकरा दुरुस्त्या केल्या, साधं ‘आभारी आहे’ म्हणालं नाही कोणी.”

धाकटी टेबलाखालून बाहेर आली. केसांना जळमट लागलं होतं.

“आभारी आहे, मॅडम,” ती म्हणाली. “दुरुस्त्या फार चांगल्या होत्या. मी रोज बघत होते.”

पाहुणीने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागून घडी घडी उलगडत उठणाऱ्या लांब्याकडे पाहिलं.

“दुसरं तिकीट रद्द करते,” ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा फोन कानाला लावला.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. पाहुणी आली होती, दोन दिवस राहिली. नंतरही तिचा फोन यायचा. लांब्या बोलत बोलत गॅलरीत जायचा, आणि आत धाकटी भांडी जरा जोरात ठेवायची. मग पाहुणी म्हणायची, “दे तिला,” आणि पाऊण तास त्या दोघीच बोलत बसायच्या. त्या बोलण्यात लांब्याची टिंगल सोडून फारसं काही नसे. फोन ठेवल्यावर धाकटी त्याला विचारायची, “तुझ्याशी आधी काय बोलत होती?” तो सांगायचा. तिला ते पुरायचं नाही.

लग्नाला सातवं वर्ष लागलं तेव्हा पाहुणीला रक्ताचा आजार असल्याचं कळलं. धाकटी तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेली. लांब्याला सुट्टी मिळाली तेव्हा तोही गेला. पाहुणी त्याच वर्षी नोव्हेंबरच्या चार तारखेला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला वारली. ती बेचाळीस वर्षांची होती.