दीपिकाने दिलेलं फुस्स

पाम गावच्या फाट्यावर धर्माजींचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या बरोब्बर समोर गतिरोधक. एका संध्याकाळी त्या गतिरोधकाशी एक लाल गाडी आली. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तिने मोठ्ठं ‘फुस्स’ केलं, आणि जागच्या जागी बंद पडली.

धर्माजींची लेक हेमाली पाना पुसत बाहेर आली. आयटीआय करून ती चार वर्षं बापाच्या जोडीला होती.

“गाडीला शिंक आली वाटतं,” ती म्हणाली.

“रोजच येते हो,” आतला सावळा, उंच मुलगा ओशाळून हसला. “पाय काढला की फुस्स... आणि बंद. किल्ली फिरवली की पुन्हा चालू.”

“आणि तुमी?”

“मी प्रणव. मी नाही बंद पडत.”

आता यात हसण्यासारखं काय होतं? पण हेमालीला हसू आलं, आणि जरा जास्तच आलं. तेवढ्यात पलीकडची काच खाली झाली.

“प्रणव, अजून किती वेळ?”

ही दीपिका. दोघं तारापूरच्या एकाच कंपनीत, एकाच लॅबमध्ये. ती चिंचणीची, त्यामुळे येणं-जाणं रोज त्याच्याच गाडीतून. हेमालीने बॉनेट उघडून हवा सोडायचा नवाकोरा चकचकीत व्हॉल्व्ह बघितला, तशी दीपिका आतूनच म्हणाली, “तो मी दिलाय, त्याच्या वाढदिवसाला. आवाज काय भारी येतो ना!”

झालं! हेमालीचं निदान त्याच क्षणी झालं. खराबी व्हॉल्व्हमध्येच. पुरावा? पुरावा कसला डोंबलाचा... दीपिकाने दिलाय, बस.

पण पोरगी धर्माजींची होती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठल्याही पार्टला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांच्या गॅरेजचा कायदा. मी गाडी तपासतेय की तिला, असं हेमालीने स्वतःलाच विचारलं, आणि खरं उत्तर आल्यावर तिचे कान तापले. म्हणून तिने व्हॉल्व्हला हातच लावला नाही. आधी बाकीचं सगळं बघायचं ठरवलं.

मग पंधरा दिवस तो येत राहिला. दीपिकाला चिंचणीला सोडून परतताना, उन्हं उतरत असताना. एक दिवस प्लग काढले, एक दिवस नळ्यांना साबणाचं पाणी लावून कुठे हवा गळते का ते बघितलं. तो आपल्या गावाहून, एडवणहून, वाडीतले ताडगोळे आणायचा आणि सोलून तिच्यासमोर धरायचा, कारण तिचे हात काळे.

“तोंड उघडा.”

“मी काय ल्हान पोर हाय?”

“मग हात धुऊन या. मी थांबतो...”

ती हात धुऊन यायची, आणि नेमका त्याचा फोन वाजायचा. पडद्यावर दीपिका! मग ती ताडगोळा परत त्याच्या पिशवीत टाकायची. एकदा तर सीटवर केसांची क्लिप सापडली. हेमालीने ती गाडीच्या कप्प्यात टाकली आणि झाकण असं आपटलं की आतून धर्माजी ओरडले, “आगं, कप्प्याने तुझं काय घोडं मारलंय?”

प्लग मात्र काजळीने काळेकुट्ट निघाले होते. म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होतं. नळ्या ठीक, सेन्सर ठीक. उरला कोण? तोच तो वाढदिवसवाला!

प्रणवच्या डिकीत जुना व्हॉल्व्ह होता. हेमालीने तो लावला, त्याची नळी जोडली आणि दोघं चिंचणीच्या रस्त्याला लागले. तिने दहा वेळा पाय काढायला सांगितला. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, गाडी दहाही वेळा चालू राहिली, आणि हेमालीला वाटलं, अकराव्यांदा तरी बंद पडावी. गाडी बरी झाली म्हणजे हा उद्यापासून येणार नाही.

तरी तिने नीट सांगितलं. “इंजिन आत येणारी हवा मोजतं आणि तेवढंच पेट्रोल घेतं. तुमचा नवा व्हॉल्व्ह मोजलेली हवा बाहेर सोडतो, तेच ते फुस्स. इंजिनाला वाटतं हवा आतच हाय. पेट्रोल जास्त होतं, इंजिन गुदमरतं. जुना व्हॉल्व्ह ती हवा परत आत देतो.”

“म्हणजे आवाज जाणार.”

“जाणार. तिला... वाईट वाटेल.”

“तुम्हाला हे कधी कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “संशय पहिल्याच दिवशी आला. पण तिने दिला म्हणून मला त्याचा राग आलेला. रागापायी दोष द्यायचा नव्हता... म्हणून बाकी सगळं तपासलं.”

बोलून गेली आणि जीभ चावली. प्रणवने गाडी वळवून गॅरेजशी आणून लावली. मग म्हणाला, “जुनाच राहू द्या.” नवा व्हॉल्व्ह घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी गतिरोधकावरून अलगद उतरली, ना आवाज, ना अडखळणं, आणि पुढच्या सीटवर दीपिका. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच! हेमाली जळून कोळसा झाली. रागाच्या भरात तिने एका स्कूटरचा बोल्ट इतका आवळला की तो तुटला. स्वतःच्या हातांनी इतकं चोख काम केलं होतं की त्याला थांबायला निमित्तच उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गाडी गतिरोधकापाशी आली आणि थांबली. पुढची सीट रिकामी होती.

“बंद पडली,” प्रणव म्हणाला.

“शक्यच नाय!” हेमाली तरातरा गेली. काम तिचं होतं! खिडकीतून वाकून बघते तर किल्लीची जागा रिकामी. “किल्ली कुठाय?”

त्याने मूठ उघडली.

“ही तुमी काढलीत.”

“हो. तिला व्हॉल्व्ह परत द्यायला चार दिवस लागले. कसं सांगावं कळत नव्हतं. आज सांगितलं. ती व्हॉल्व्ह घेऊन... बसने गेली.” त्याचा आवाज जरा उतरला. मग त्याने वर बघितलं. “पण हेमाली, पहिल्या दिवशी मी खोटं बोललो होतो. तू समोर आलीस की मी बंद पडतो. बघ ना काय झालंय ते.”

तू! हेमालीने आत धर्माजींकडे बघितलं. ते मुद्दाम टायर मोजत होते.

तिने त्याच्या तळहातावरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

“सगळं तपासावं लागेल,” ती म्हणाली. “घाईत मी दोष देत नाय कुणाला. ताडगोळे आणलेस?”