पुसायचं पण तूच

रविवारी सकाळी चहाचे कप उचलले की जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं जायचं आणि त्यावर मिस्त्रींची एकनळी बंदूक यायची. एकतीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त केल्या होत्या. आधी बंदूक उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करायची, तीही दोनदा. मग गजाला चिंधी लावून नळी आतून साफ करायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटी बाहेरून तेलाचं फडकं, आणि त्यानंतर लोखंडाला उघडा हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. घामाचं बोट लागलं की आठवड्यात तिथे गंज धरतो.

मुलाने मात्र हा नियम कधी पाळला नाही. त्याच्या हातांना भारी घाम. बंदूक पुसून झाली रे झाली की हा पठ्ठ्या नळीवर अंगठा टेकवणार आणि मिस्त्री करवादणार, "हात लावलास ना? आता पुसायचं पण तूच." तो हसत हसत पुसायचाही. पुढे वनरक्षक झाला, लग्न झालं, तरी बापलेकांचा हा तमाशा चुकला नाही. चार महिन्यांपूर्वी डोंगरात दरड कोसळली तेव्हा तो गस्तीवर होता. त्याची टॉर्च सापडली, तो सापडला नाही.

आता त्याच्या कचेरीतून कागद आला होता. बायकोने सही केली की तो मृत धरला जाणार आणि शोध थांबणार. महिन्याची मुदत होती. सूनबाईने कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्या ड्रॉवरला हात लावणं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मिस्त्रींना नळीवर गंजाचा ठसा दिसला. अंगठ्याचा. वय झालं, आपलाच हात लागला असेल, असं म्हणून त्यांनी तो घासून काढला. त्यानंतर हातमोजे घालूनच तेल लावलं, बंदुकीच्या कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात. तरी दुसऱ्या रविवारी ठसा पुन्हा आलाच. मग त्यांनी कपाटाच्या दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर स्वतःची सही ठोकली. तिसऱ्या रविवारी पट्टी जशीच्या तशी होती. आत नळीवर ठसा होता, आणि या वेळी त्यातली तिरकी रेघही स्पष्ट उमटली होती.

ती रेघ मिस्त्रींना पाठ होती. मुलगा दहा वर्षांचा असताना बंदुकीच्या स्प्रिंगने त्याचा अंगठा कापला होता. टाके घालताना हात त्यांनीच धरला होता. ते खुर्चीत बसले.

सूनबाईने वाकून ठसा पाहिला.

"बाबा, गंज घामानेच धरतो ना?"

"हो."

"मग मेलेल्या माणसाला घाम कुठून येईल?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच मिस्त्रींना मोकळा श्वास घेता आला. त्यांनी नळी लख्ख केली. कपाटात बंदुकीशेजारी तेलाची बाटली आणि एक नवं, कोरडं फडकं ठेवलं. दार लावताना आत तोंड घालून जुन्याच सुरात म्हणाले, "हात लावलास तर पुसायचं पण तूच."

सूनबाईला हसू आलं. मग तिने डोळे पुसले.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी टेबलावर वर्तमानपत्राशेजारी तो कागदही होता. मिस्त्रींनी दारावरची नवी पट्टी तपासली. शाबूत होती. बंदूक काढून त्यांनी खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

नळी स्वच्छ होती. ठसा नव्हता.

"नाही?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. तिने कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

बंदूक परत ठेवायला मिस्त्री कपाटाकडे वळले. हाताला फडकं लागलं.

ते तेलाने ओलं होतं. मधोमध तांबूस डाग होता, पुसलेल्या गंजाचा.

त्यांनी ते सुनेच्या तळहातावर ठेवलं. तिने कागद दूर सारला आणि मूठ मिटली.

फडकं अजून कोमट होतं.