चौथा कोपरा

मथुराबाईंना चिंध्यांचं वेड होतं, आणि ते त्या मुळीच लपवत नसत. दुपारचा गिरणीचा भोंगा झाला आणि मागचं आवरून झालं, की त्या ओसरीवर गाठोडं सोडून बसायच्या. कुणाच्या इरकली लुगड्याचा काठ, कुणाची विटलेली खणाची चोळी, चाटी गल्लीतल्या शिंप्याकडची कातरणं. कोणता तुकडा कोणाशेजारी द्यायचा हे ठरवताना त्या स्थळं बघणाऱ्या आत्याबाईंसारख्या चोखंदळ होत. आत यजमानांचं जुनं धोतर घालायचं, कारण त्याच्याइतकं मऊ दुसरं काही मिळत नाही. मग कडेनं टाके घालत, फेर धरत आत यायचं. असं दुपटं पुरं झालं की मांडीवर पसरून त्यावरून तळवा फिरवायचा. एवढं सुख त्यांना पुरे होई.

साखर पेठेतल्या त्या गल्लीत पाळणा हलला की दुपटं मथुराबाईंचंच. बायका फक्त एक गोष्ट सांगून ठेवत: चौथा कोपरा उघडा ठेवा. ज्या घरचं मूल, त्या घरच्या भाकरीचा घास त्या कोपऱ्यात घालायचा आणि मगच तो शिवायचा. दुपटं उपाशी ठेवू नये, अशी गल्लीतली रीत. मथुराबाई हसत आणि कोपरा उघडा ठेवून देत. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र हे चालत नसे. यजमान गंगाधर मास्तर शाळेत शास्त्र शिकवत. कापडात भाकरी ठेवणं म्हणजे उंदरांना आवतण, असं ते म्हणत, आणि त्यात चूक काय होतं?

पद्मजा ही त्यांची एकुलती एक लेक. तिची पहिली दोन मुलं दोन-तीन महिन्यांची होऊन गेली. ताप नाही, खोकला नाही, नुसती वाळत वाळत गेली. दोघांचीही दुपटी मथुराबाईंनी शिवलेली. नंतर ती कुणाला देववेनात, म्हणून कडुनिंबाचा पाला घालून माजघरातल्या ट्रंकेच्या तळाशी ठेवली. सरकारनं शहरावर लादलेला मार्शल लॉ उठल्याच्या पुढच्या वर्षी पद्मजा तिसऱ्यांदा बाळंतपणाला आली. हेही गेलं तर परत येऊ नकोस, असं सासूनं निघतानाच सांगितलं होतं. पद्मजेनं ते आईला सांगितलं, वडिलांना नाही.

बाळ कार्तिकात झालं. मुलगा, चांगला गुटगुटीत, रडायला लागला की शेजारच्या मागाचा खटखटाट ऐकू येऊ नये असा. दुपटं तयारच होतं, हिरव्या काठाचं, चारही कोपरे बंद.

महिन्याभरात बाळाचे गाल उतरले. पोटभर प्यायचं, ओकायचं नाही, तरी मांड्यांच्या वळ्या गेल्या. वैद्यांनी गुटी बदलून दिली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आईचं दूध वाढवा म्हणाले. पद्मजेच्या चोळ्या तर दुधानं भिजत होत्या.

धुण्याभांड्याला येणारी मल्लव्वा अक्कलकोटाकडची. एक दिवस तिनं परसातून हाक मारली.

"आक्का, ह्ये दुपटं वाळलं तरी दोरी वाकवतंय की."

मथुराबाईंनी हात लावला. दुपटं कोरडं ठणठणीत होतं, उन्हानं तापलेलं. पण दोरी मधोमध खाली आली होती. हातावर घेतलं तर चांगलंच जड लागलं. आत कापूस नव्हता, धोतराचे दोन पदर होते, ते त्यांनी स्वतःच घातलेले. आणि नुकतंच धुतलेलं असूनही त्याला दुधाचा वास येत होता.

त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि बाळाला पंच्यात गुंडाळलं. बाळ रडून रडून काळंनिळं झालं. दुपटं घातल्यावर क्षणात झोपलं. दुसऱ्या दिवशी त्याला उचलताना मथुराबाईंचे हात नको तितके वर गेले. एवढं ते हलकं झालं होतं.

मल्लव्वा उंबऱ्यात बसून बघत होती.

"घास कुनी घातला व्हता ह्यात?"

"कुणी नाही. उंदीर होतात."

"मग त्ये जेवतंय कुटं?"

मथुराबाईंनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आन् पयल्या दोगांच्या दुपट्यात?"

"मल्लव्वा, भांडी पडलीत."

मास्तर शाळेत गेल्यावर त्यांनी चौथा कोपरा उसवला, ताटातल्या भाकरीचा घास आत सारला आणि बारीक टाक्यांनी कोपरा शिवला. आपण हे काय करतोय, याची त्यांना लाजच वाटली. दिवेलागणीला त्यांनी कोपरा चाचपला. घास हाताला लागेना. टाके जसेच्या तसे होते. उसवून पाहिलं तर आत भुगासुद्धा नव्हता. कापड तेवढं ओलं होतं.

त्यांनी दुसरा घास घातला. मग रोजच घालू लागल्या. मास्तरांना कळू दिलं नाही. पद्मजेनं काही विचारलं नाही, फक्त जेवताना ती आपल्या ताटातला एक घास बाजूला काढून ठेवायला लागली.

बाळाचे गाल भरत आले. दोरी पुन्हा सरळ झाली. पौष लागला आणि एक दिवस घास कोपऱ्यात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तो वाळून टणक झाला. मथुराबाईंनी कोपरा कायमचा शिवून टाकला, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

संक्रांतीला सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेले. जावई आला होता, तो बाळाला कडेवर घेऊन मिरवत गेला. मथुराबाईंनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि भर दुपारी ओसरीवर गाठोडं सोडलं. नव्या दुपट्यात लाल तुकड्याशेजारी पिवळा बरा की जांभळा, हे काही केल्या ठरत नव्हतं. लांबून जत्रेची वाजंत्री ऐकू येत होती.

ती थांबली तेव्हा माजघरातून आवाज आला.

बारीक, ओला, एकसारखा. मूल झोपेत दूध ओढतं तसा.

बाळ तर जत्रेत होतं.

मथुराबाई उठल्या. आवाज ट्रंकेतून येत होता. त्यांनी कडी काढून झाकण उचललं, तसा तो थांबला.

तळाशी ठेवलेली दोन दुपटी सगळ्या कपड्यांच्या वर आली होती. दोन्हींचा चौथा कोपरा उसवलेला होता.

दोरा आतून ओढलेला होता.

मथुराबाईंनी झाकण उघडंच ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेल्या. शिंक्यावर भोगीची बाजरीची भाकरी होती, कालची, वाळून कडक झालेली. तिचे दोन घास मोडून त्या ट्रंकेपाशी आल्या आणि खाली वाकल्या.

वाकल्या तशाच थांबल्या, आणि पुन्हा चुलीकडे गेल्या. दोघांनाही दात आले नव्हते. त्यांनी ते घास कोमट दुधात भिजत घातले.