लिफ्टच्या खड्ड्यातला आवाज

हे कुणाकडून उडत उडत कानावर आलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू. त्याच्यासमोर मात्र हसू नका.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. सात वर्षांपूर्वीचा मंगळवार. सकाळचे अकरा. पाच मजली इमारत आणि तळमजल्यावर माझ्या मावशीचं शिवणकामाचं दुकान. मावशी म्हणजे त्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणायचा.

लिफ्ट वर थांबवून मामा तिच्या खालच्या खड्ड्यात उतरला. छातीइतका खोल, चारी बाजूंनी सिमेंट. बॅटरीच्या उजेडात तो ग्रीस लावत होता.

आणि भिंतीतून आवाज आला...

"पाय अडकलाय रे माझा..."

ताईचा आवाज.

तो धडपडत वर आला, दुकानात धावला. ताई मशीनवर बसली होती. दातांत दोरा.

"काय रे, भूत बघितल्यासारखा?"

"तू आत्ता हाक मारलीस?"

"मी? मला मरायला फुरसत नाही. दीडशे गणवेश पडलेत शाळेचे."

तो परत उतरला. भिंतीला कान लावला. पलीकडे नुसती माती.

बराच वेळ काहीच नाही. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघरसुद्धा नाही. मग...

"मशीन उचल आधी. छातीवर आलंय."

आणि मग, अगदी कानापाशी...

"दिवे का घालवलेस?"

मामा पळाला. हत्यारांची पिशवी तिथेच टाकून पळाला.

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. पळालो, एवढंच सांगितलं नाही. लाज वाटली.

ताई आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "बरं बाबा, दोन दिवस बंद ठेवते दुकान. तुझ्या समाधानासाठी."

दुसऱ्या दिवशी मामाने इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरला गाठलं.

"साहेब, ती इमारत पडेल."

"कशाने?"

"भूकंपाने." हा शब्द आपल्या तोंडात कुठून आला, हे मामाला आजही कळलेलं नाही.

इंजिनिअर पोट धरून हसला. भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "लाल पट्टे दिसतात? भूकंप तिकडे. आपण इथे, पांढऱ्यात. आमच्या आजोबांपासून इथे कपबशी हललेली नाही. म्हणून तर खांबांत लोखंड बेताचंच घालतो."

"आणि नकाशा चुकला तर?"

"लिफ्टवाले, तुम्ही लिफ्ट बघा."

शुक्रवारी ताईने दुकान उघडलं.

"ताई, पाया पडतो तुझ्या."

"सोमवारी शाळा सुरू होतेय रे. पोरांना उघडं पाठवू? संध्याकाळपर्यंत उरकते, मग तुझ्याकडेच येते राहायला."

मामा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. दिवसभर. उठलाच नाही.

दुपारी साडेतीनला ताई म्हणाली, "बसलाच आहेस तर समोरून निळा दोरा आण."

त्याने रस्ता ओलांडला.

पायाखाली काहीतरी घुमलं... खोल... मग रस्ताच हलायला लागला.

नऊ सेकंद.

तो वळला. इमारत नव्हती. धूळ होती.

तासाभराने बचावाची माणसं आली. चौघे. ढिगाऱ्यावर आडवे होऊन ऐकत होते. एकाने हात वर केला.

"श्श... बाई बोलतेय."

"पाय अडकलाय रे माझा..."

पुढचं वाक्य त्याला ठाऊक होतं. तो पुटपुटला, "मशीन उचल आधी..." आणि खालूनही तेच आलं. चौघे त्याच्याकडे बघत राहिले.

"दिवे का घालवलेस?"

इथून पुढे त्याला काही माहीत नव्हतं. इथेच तर तो पळाला होता.

मग...

"त्या दिवशी का पळालास रे?"

उत्तर द्यायचं सोडून मामा हातांनीच विटा उपसायला लागला.

आवाज परत आला नाही.

दोन तासांनी ताई सापडली. डॉक्टर म्हणाले, "यांना काही कळलंही नसेल. पहिल्या क्षणीच गेल्या."

"पण त्या बोलत होत्या! आम्ही चौघांनी ऐकलंय."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. "शक्य नाही."

मामा आता आमच्या शहरात असतो. लिफ्टच बघतो, दुसरं काही येत नाही त्याला. काम उरकलं तरी खड्ड्यातून लवकर वर येत नाही. भिंतीला कान लावून बसतो. म्हणतो, "तिने परत विचारलं तर या वेळी उत्तर द्यायचंय."

परवा मी त्याला न्यायला गेलो होतो. तो वर आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"मावशी बोलली?" मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. माझं मनगट घट्ट धरलं आणि मला ओढतच रस्त्यावर आणलं.

"ती नव्हती," तो म्हणाला. "खूप माणसं होती."