चंदेरीच्या पोटातले पैसे

सांगा बघू. एक होडी खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकावर, आपटली. आपटली तिथे पोचा पडला, माझा तळहात मावेल एवढा. पुढे ती होडी गळायला लागली. पण पोच्यातून पाण्याचा एक थेंब येत नाही! पाणी येतं भलतीकडूनच, जिथे आयुष्यात कधी साधा खडासुद्धा लागला नव्हता तिथून. असं कसं?

तुमच्यासाठी हे कोडं असेल. माझ्यासाठी तो आळ होता. आणि खोटा आळ आला की माझं डोकं असं तापतं की त्यावर बोंबील भाजून घ्यावेत.

मी हर्षदा तांडेल, वय बारा, राहणार साखरखाडी. आमच्या होडीचं नाव चंदेरी. लाकडाच्या होड्या आता फक्त फोटोत उरल्यात. झाडं तोडायला बंदी आली तेव्हापासून आमच्या बंदरात सगळ्या होड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, मोटारी उन्हाच्या विजेवर चालणाऱ्या आणि मासळीच्या पेट्या उचलायला ड्रोन. चंदेरी चौदा वर्षांची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती चालवते माझी आई. आईच्या आधी आबा चालवायचा. आबा म्हणजे माझा आजोबा, हिराजी तांडेल. त्याचा आवाज लाटेच्या वरून ऐकू येतो, आणि तो रागीटपणात माझ्यावर गेलाय. का मी त्याच्यावर गेलेय, ते तुम्ही ठरवा.

चैत्रात आईनं पहिल्यांदा सुकाणू माझ्या हातात दिलं आणि मी चंदेरी खडपावर घातली. हो, घातली! नाकबूल कशाला करू? पोचा माझाच. पण महिन्याभरानं होडीत पाणी यायला लागलं, तेव्हा आबानं बंदरभर सांगितलं, "पोरीनं होडी फोडली." बर्फाच्या कारखान्यात सांगितलं. जाळी विणायच्या शेडमध्ये सांगितलं. चहाच्या टपरीवर तर रोज सांगितलं. शाळेत पोरं मला 'खडप' म्हणायला लागली. आई गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं मला आबाच्या ओरडण्याहून जास्त झोंबलं. होडीत पाऊल ठेवायची मला बंदी झाली.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात उतरतात. त्याआधी दोन दिवस बंदरावर तपासणी असते. जुनी होडी गळताना सापडली की तिची रवानगी थेट भट्टीत, वितळवायला. म्हणजे चंदेरी जाणार आणि नाव माझं निघणार, जन्मभर! तपासणीला दहा दिवस उरले होते.

मी सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि चिंबोरीला घेऊन आले. चिंबोरी म्हणजे मच्छीमार सोसायटीचा दुरुस्तीचा रोबो. आठ पाय, दोन नांग्या, आणि बोलणं पुस्तकातल्यासारखं. खेकड्यासारखी चालते म्हणून तिला सगळे चिंबोरी म्हणतात.

"हे सिद्ध कर," मी म्हटलं, "की होडी मी फोडली नाही."

"ताई, मी काहीही आधीच ठरवून सिद्ध करत नाही," ती म्हणाली. "आपण शोधू. जे निघेल ते निघेल."

"निघू दे! मी घाबरते काय?"

चंदेरी किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली होती. चिंबोरी म्हणाली, होडी पाण्यात असताना भोक सापडत नाही, कारण आत साचलेलं पाणी सगळीकडे फिरतं. म्हणून उलटं करायचं. होडी जमिनीवर ठेवायची, पाणी आत भरायचं आणि खालून बघायचं. मी नळी लावली, वीतभर पाणी भरलं आणि खडू घेऊन होडीखाली शिरले. जिथे थेंब दिसेल तिथे गोल काढायचा.

पोचा कोरडा ठणठणीत! मी त्यावर जीभसुद्धा लावून बघितली. आणि तळाच्या मधोमध, मागच्या बाजूला, एका ओळीत टप, टप, टप. सात गोल काढले.

"आबा!" मी बोंबलले. "ये, बघ! तुझ्या डोळ्यांनी बघ!"

आबा आला, वाकला, बघितलं आणि म्हणाला, "होडी एकीकडे आपटली की हादरा दुसरीकडे बसतो. मला शिकवू नको." आणि चालता झाला. मी हातातला खडू वाळूत इतक्या जोरात फेकला की तो सापडलाच नाही.

"ताई, तुम्ही चिडलात म्हणून भोक बुजत नाही," चिंबोरी म्हणाली. "हादऱ्यानं तडा जातो. तडा लांबट असतो. ही भोकं बघा, गोल आहेत. बाहेरून सुईच्या टोकाएवढी. आता आत चला."

पाणी काढून टाकलं, आत चढलो. होडीत पाय ठेवायच्या फळ्या असतात, त्यांच्याखालचं सहसा कुणी बघत नाही. चिंबोरीनं नांगीनं फळी उचलली. खाली चिखल, मासळीची खवलं आणि भुकटीसारखा पांढरा भुरा. भुरा पुसला तर खाली खड्डे. तीच सात भोकं, पण आतल्या बाजूनं करंगळीच्या नखाएवढी रुंद.

"म्हणजे होडीला आतून कुणीतरी खाल्लंय," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. याला क्षरण म्हणतात (धातू हळूहळू झिजून नाहीसा होणं). लोखंड गंजतं ते क्षरणच. अ‍ॅल्युमिनियम सहसा टिकतं, कारण हवा लागली की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो (धातू आणि हवेतला प्राणवायू मिळून झालेलं पातळ कवच). हे कवच त्याला जपतं. खारं पाणी ते कुठेकुठे फोडतं खरं, पण एवढ्या वेगानं एवढी भोकं पडायला आणखी काहीतरी हवं."

मी चिखलात हात घातला. काहीतरी गोल लागलं. बाहेर काढलं तर पैसा! हिरवट थर चढलेला, तांब्याचा, जुन्या काळचा ढब्बू पैसा. मग दुसरा, तिसरा. प्रत्येक खड्ड्याच्या आत नाहीतर शेजारी एकेक, दोनदोन, तीनतीन. एकूण एकोणीस निघाले.

तांब्याचे ढब्बू पैसे साखरखाडीत एकाच डब्यात आहेत असं मला वाटायचं, आणि तो डबा आबाच्या उशाशी असतो.

मी ते पैसे ओच्यात घेऊन घरी धावत गेले आणि आबाच्या पुढ्यात ओतले.

"हे काय आहे?"

"हात लावलास?" आबा उठून उभाच राहिला. "होडीचे पैसे काढलेस? दर नारळी पौर्णिमेला एक पैसा होडीच्या पोटात टाकतात, दर्याला मान म्हणून! माझ्या आजाच्या होडीत होते, बापाच्या होडीत होते. चौदा पौर्णिमांचे चौदा!"

"आणि वरचे पाच?"

आबाचा आवाज थोडा उतरला. "ते वैशाखात टाकले. होडी आजारी पडली म्हणून. दर्याला सांगितलं, सांभाळ बाबा."

मागून चिंबोरी तिरकी तिरकी घरात शिरली होती. "आजोबा, तुमच्या आजोबांची होडी लाकडाची होती. लाकडाचं तांब्याशी काही वाकडं नसतं. पण दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर खारं पाणी असलं, तर त्यांचा विद्युतघट होतो (वीज तयार करणारी जोडी, बॅटरीत असते तशी). अ‍ॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन (अणूमधले विजेचे अतिसूक्ष्म कण) सहज सोडतं. तांबं तसं सोडत नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन पैशाकडे जात राहतात, आणि इलेक्ट्रॉन गमावलेले अ‍ॅल्युमिनियमचे अणू धातू सोडून पाण्यात निघून जातात. असे निघून गेलेले अणू म्हणजेच ते भोक. तांबं जेवढं जास्त, तेवढं हे जोरात चालतं."

"म्हणजे मी होडी वाचवायला पैसे टाकले," आबा सावकाश म्हणाला, "आणि त्यानंच..."

पण पुढच्याच क्षणी तो पुन्हा कडाडला. "थापा! पैशानं होडी फुटते होय? हे यंत्र बिघडलंय!"

तेव्हा माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तीन महिने! तीन महिने पोरं मला खडप म्हणतायत! तू टपरीवर बसून चहा पितोस आणि माझी लाज काढतोस! थाप वाटते ना? मग थाप का खरं, ते तूच बघ!"

मी तीन पेले ओट्यावर आपटले. तिन्हींत खाडीचं पाणी. आबानं स्वतःच्या हातानं जुन्या होडीच्या पत्र्याचे तीन तुकडे कापले, घासून चकचकीत केले, म्हणजे नंतर तक्रार नको. पहिल्या पेल्यात नुसता पत्रा. दुसऱ्यात पत्र्याला घट्ट बांधलेला ढब्बू पैसा. तिसऱ्यात चिंबोरीनं दिलेला जस्ताचा तुकडा बांधलेला पत्रा.

"हा कशाला?" आबानं विचारलं.

"तीन दिवसांनी सांगते," चिंबोरी म्हणाली. रोबो असूनही तिला भाव खाता येतो.

तीन दिवस आबा येता जाता पेल्यात डोकावायचा. त्याला वाटायचं, मी बघत नाहीये. तिसऱ्या दिवशी आईनंच पेले उजेडात नेले. पहिल्यातला पत्रा थोडा मंद झाला होता. दुसऱ्यातल्या पत्र्यावर पांढरा भुरा, आणि भुरा पुसल्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. तिसऱ्यातला पत्रा तसाच चकचकीत! मात्र जस्त काळवंडलं होतं.

"जस्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही उदार," चिंबोरी म्हणाली. "इलेक्ट्रॉन आधी तेच देऊन टाकतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमला द्यावे लागत नाहीत. अशा धातूला त्यागी धातू म्हणतात (दुसऱ्याला वाचवायला स्वतः झिजणारा). होडीच्या बुडाला त्याचा एक तुकडा लावला की समुद्र त्याला खातो, होडीला नाही."

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं." मी तोंड फिरवलं, कारण रडू आलेलं मला दाखवायचं नव्हतं.

मग चार दिवस आम्ही चंदेरीच्या कामाला जुंपून घेतलं. चिंबोरीनं खड्डे खरवडून आतला निरोगी धातू उघडा केला. सडलेला भाग कापला. आईनं त्यावर अ‍ॅल्युमिनियमचंच ठिगळ बसवलं, मध्ये पाणी अडवणारा रबरी लेप दिला आणि रिबिटा ठोकल्या, त्याही अ‍ॅल्युमिनियमच्याच. आबा लांबून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो पुडी घेऊन आला. "हे घ्या. पितळेचे स्क्रू. एकदम भारी."

"नाही!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

"पितळेत तांबं असतं, आबा!" मी म्हटलं. "पुन्हा तेच करतोयस!"

"मग मला काय ठाऊक?" तोही ओरडला. "कुणी सांगितलं होतं का आधी?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. लाकडाच्या होड्या गेल्या, पत्र्याच्या आल्या, आणि कुणी कोळ्यांना एवढंही सांगितलं नाही की आता तांबं टाकू नका. माझा निम्मा राग तिथून उठून दुसरीकडे गेला. पण निम्मा आबावर तसाच होता.

"तू जिथे जिथे माझं नाव घेतलंस," मी म्हटलं, "तिथे तिथे जाऊन खरं सांगायचं. नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही. पुढच्या पौर्णिमेपर्यंत नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही."

आबा पुडी घेऊन निघून गेला.

तपासणीच्या दिवशी तपासनीसबाईंनी चंदेरीत पाणी भरलं आणि खाली झोपून अर्धा तास बघितलं. एक थेंब नाही. शिक्का मिळाला. मी नाचायला हवं होतं, पण नाचले नाही, कारण टपरीवरून एक पोरगा तेव्हाही ओरडला, "काय खडप, झाली का पास?"

नारळी पौर्णिमेला अख्खं बंदर किनाऱ्यावर होतं. नारळ वाहून झाला, गाणी थांबली, आणि आबा बर्फाच्या पेटीवर चढला. हात जोडेल, माफी मागेल, असं काहीतरी मला वाटलं होतं. कसलं काय! तो सगळ्यांवर भडकल्यासारखा गरजला.

"ऐका रे! चंदेरी माझ्या नातीनं फोडली नाय! मी फोडली! माझ्या या हातांनी, एकोणीस पैसे टाकून! तिला खडप म्हणणाऱ्यानं आधी मला म्हणायचं! आणि हसताय काय? आपापल्या फळ्या उचला आणि बघा खाली!"

कुणी हसलं नाही. मग एक बाई आपल्या होडीत चढली आणि फळी उचलली. मग दुसरी होडी, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत तेवीस होड्यांच्या पोटातून हिरवे पैसे निघाले. चिंबोरीला श्वास घ्यायची गरज नसते म्हणून बरं, नाहीतर धापच लागली असती. मला खडप म्हणणारा तो पोरगासुद्धा खाली मान घालून आला आणि विचारू लागला, "जस्त नक्की कुठे लावायचं गो?" मी त्याला दोनदा वाट बघायला लावून मग सांगितलं.

आम्ही चंदेरी पाण्यात ढकलणार, इतक्यात आबानं खिशातून जस्ताचा तुकडा काढला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

"पुसून घे आधी," मी म्हटलं. "टेकतो तिथे धातू स्वच्छ लागतो."

त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "तूच लाव." मी बुडाला तो घट्ट बसवला. आबा वाकून बघत होता.

"हा किती दिवस टिकणार?"

"वर्षभर. झिजेल. झिजला तरच समजायचं की काम करतोय."

"आणि झिजला की?"

"पुढच्या पौर्णिमेला नवा."

"म्हणजे दर पौर्णिमेला एक," आबा म्हणाला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. "बरं. मग डबा रिकामा करतो. जस्त ठेवायला लागेल."

आई मागे सरली आणि सुकाणूजवळची जागा मोकळी केली. मी आबाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? चढ!" आबा ओरडला. "आणि खडप डाव्या हाताला आहे! दिसतंय ना?"

"दिसतंय!" मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले आणि सुकाणू धरलं.